अरबी, इलोकानो आणि बस्त्यावसर

२ डिसेंबर. मागच्या खोलीची भिंत पुसायला घेतली आहे. ओल्या फडक्याने जात नाही, साबणाने जात नाही, म्हणून रंगवाल्याकडून थिनरची बाटली मागून आणली. भिंतीवर दोन रकाने आहेत. डावीकडे अरबी, उजवीकडे इलोकानो, दोन्ही देवनागरीत, जाड काळ्या मार्करने लिहिलेले. मी फळा आणून दिला होता. बस्त्यावसरांनी तो उलटा करून कोपऱ्यात टेकवून ठेवला. "फळा कोणपण पुसतो," म्हणाले. "भिंत पुसायची तर माणसाला आधी ठरवावं लागतं."

मी ठरवलं आहे. खोलीत सरावासाठी पलंग टाकायचा आहे आणि सरांचं येणं बंद होऊन महिना झाला. ते वसईला भाचीकडे राहायला गेले असं मरोळच्या गावठाणातले लोक सांगतात. स्वतः त्यांनी मला काही सांगितलेलं नाही. ते सांगणारे नव्हतेच.

अंधेरी पूर्वेला माझा ब्युरो आहे. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला मी बाया पुरवते, बारा तासांच्या, चोवीस तासांच्या. यातल्या बऱ्याच जणी दोन-चार वर्षं इथे काम शिकतात आणि आखाती देशात जायचं बघतात. तिथे गेल्यावर भाषेवाचून अडतं. म्हणून मी अरबी शिकवणारं कुणी आहे का विचारत होते, तेव्हा चर्चच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याने बस्त्यावसरांचं नाव सांगितलं. ते आखातातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या भांडारात बरीच वर्षं होते. जन्म मरोळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातला, वय सत्तरीच्या आसपास. बुटके, काटक, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि चष्मा नाकावर नव्हे तर कपाळावर. समोरच्याशी बोलताना तो खाली घ्यायचे. ऐकताना पुन्हा वर.

पहिल्या दिवशी खोलीत आले ते खुर्ची उचलून भिंतीला पाठ लागेल आणि दार दिसेल अशी ठेवून बसले. मी चहा मागवला. त्यांनी वास घेतला, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "सुनंदाबाय, तुमचा यात काय फायदा?"

मी सांगितलं, "काही नाही. उलट बाया गेल्या की माझी पंचाईत. पण न शिकता गेल्या तर वर्षभरात परत येतात आणि माझ्याच दारात बसून रडतात."

ते "बघू" म्हणाले आणि उठून गेले. चार-पाच दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा तोच प्रश्न. मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागले. "अहो, किती वेळा सांगू?"

"झालं," ते म्हणाले. "माणसाला एकच गोष्ट वेगवेगळ्या वारी विचारायची. उत्तर तेच आलं तर अर्धं खरं धरायचं." मग त्यांनी गार झालेला चहा प्यायला.

वर्ग सुरू झाला तो दोन भाषांचा. मी फक्त अरबी मागितली होती. इलोकानो हे नावसुद्धा मी कधी ऐकलं नव्हतं. फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या लोकांची ती भाषा. बाया कुरकुरल्या. त्यांत सुषमा सगळ्यात बोलकी. कांदिवलीची, पस्तिशीची, नवऱ्याने सोडलेली, मुलगी आईकडे ठेवून काम करणारी. माझ्याकडची सगळ्यात चांगली बाई.

"सर, आपल्याला शेखकडे जायचंय. फिलिपिनो कशाला शिकायची?"

"शेखकडे कोण जातंय? तू शेखच्या आईकडे जाणार. तिचं डायपर बदलायला."

"तेच ते. ती अरबीच बोलणार ना?"

"ती अरबी बोलेल. तिची मुलगी अरबी बोलेल. दोघी तुला सांगतील, आमचं घर फार चांगलं. खरं काय ते तुला स्वयंपाकघरात कळेल. तिथे एक फिलिपिनो बाई भांडी घासत असेल आणि फोनवर आपल्या बहिणीशी बोलत असेल. फिलिपिनोंची नेहमीची भाषा तागालोग, ती सगळ्यांना थोडी थोडी कळते. म्हणून उत्तरेकडची असेल तर ती इलोकानोत बोलते. आता बोल, कुठली भाषा आधी शिकतेस?"

सुषमा म्हणाली, "दोन्ही शिकवा बाबा."

शिकवण्याची त्यांची पद्धत एकच. एक वाक्य दोन्ही रकान्यांत लिहायचं, आणि मग दोन साक्षीदारांची उलटतपासणी घ्यावी तसं दोन्ही भाषांना शेजारी शेजारी उभं करायचं. दिंडोशीच्या कोर्टात त्यांची कसलीशी केस होती म्हणे. तिथूनच ही सवय लागली असावी. अरबी तीन व्यंजनांची मोळी बांधते आणि आतले स्वर बदलत राहते: किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मक्तब म्हणजे लिहायची जागा. बायांना हे लवकर कळलं, कारण किताब आणि मक्तब त्यांनी ऐकलेले होते. इलोकानो आत हात घालत नाही, ती शब्दाचं तोंड दोनदा घेते. 'आगबासा' म्हणजे वाचणं, आणि वाचणं चालू असेल तर 'आगबासबासा'. "ही पोटात बदल करते, ती तोंडात," सर म्हणायचे. "पोटातलं ओळखायला जड जातं. ध्यानात ठेवा."

अरबीत समोरच्याला 'तू' म्हणतानासुद्धा तो पुरुष की बाई ते ठरवावं लागतं. इलोकानोत 'तो' आणि 'ती' एकच, 'इसुना'. यावर सरांचं मत असं की इलोकानोत चुगली ऐकली तर चोरी बापयाने केली की बाईने ते कळत नाही, आणि पोलिसांना ते फार गैरसोयीचं. पण एका बाबतीत त्यांना इलोकानोचं कौतुक होतं. अरबीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना मिळून एकच शब्द, 'एहना'. इलोकानोत दोन निराळे. 'दाकामी' म्हणजे आम्ही, तू सोडून. 'दातायो' म्हणजे आपण, तू धरून.

"आपल्यासारखंच की," सुषमा म्हणाली.

"आपल्यासारखंच. मालकीण अरबीत म्हणेल, एहना शुक्रवारी बाहेर जेवतो. आता तू त्यात आहेस की नाहीस? वाक्यातून कळणार नाही. जेवणाच्या वेळी कळेल."

सारखेपणाचा मात्र त्यांना भयंकर संशय. एकदा सुषमाला भिंतीवर सापडलं की अरबीत साबून, इलोकानोत साबोन आणि मराठीत साबण. तिला इतका आनंद झाला की ती उठून उभी राहिली. "सर, बघा, तिघी बहिणी."

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "तुझ्या घरी कुठला साबण?"

तिने नाव सांगितलं.

"माझ्याकडेपण तोच. आपण बहीणभाऊ?"

"तसं नाही सर, पण..."

"पण काय? बोटीवरून साबण उतरला, ज्याने घेतला त्याने नावासकट घेतला. एका दुकानातून माल आणला म्हणून नातं होत नाही गो बाय. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की आधी विचारायचं, कुणी आणून ठेवल्या?"

बाया हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी त्या शब्दांना मार्करने गोल केला आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. आत्ता मी पुसते आहे तेव्हा ते प्रश्नचिन्ह सगळ्यात चिवट निघालं आहे.

ते कुणाला आपला फोन नंबर देत नसत. डब्यातला चमचा स्वतःचा, तो रुमालात गुंडाळलेला. खोलीतून निघताना कुलूप लावायचे, ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत येऊन ओढायचे. तिकडच्या आठवणी सांगायचे, पण गावाचं नाव कधी नाही. "एका गावात." इस्पितळाचं नाव नाही. "एका ठिकाणी." मी एकदा म्हटलं, "सर, आता कोण येणार आहे तुम्हाला पकडायला?" तर म्हणाले, "येणारा सांगून येतो का?"

एकदा वर्गातून एका बाईचा चार्जर गेला. सरांनी त्याचाच धडा केला. प्रत्येकीने काय पाहिलं ते आधी अरबीत सांगायचं, मग इलोकानोत. अरबीत बोलताना प्रत्येकीने 'वल्ला' म्हणून शपथ घेतली, कारण सरांनीच शिकवलं होतं की तिकडे बोलताना तसं येतं. इलोकानोत त्यांनी 'कानो' हा शब्द शिकवला होता. आपला 'म्हणे' जिथे बसतो तिथे तो बसतो. चार्जर टेबलावर होता म्हणे, सुषमाने उचलला म्हणे, नाही, मॅडम आत आल्या होत्या म्हणे.

सर म्हणाले, "बघा. त्याच बाया, तोच चार्जर. तिकडे सगळ्या शपथेवर, इकडे सगळ्या ऐकीव. मला विचाराल तर मी शपथ घेणाऱ्यापेक्षा 'कानो' म्हणणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवतो. तो निदान सांगतो तरी की मी पाहिलेलं नाही." मग थांबून म्हणाले, "भांडारात माझा वरचा एक अरब होता. आयुष्यात कधी वल्ला म्हणाला नाही. त्याचा शब्द सगळे मानायचे. तेव्हा भाषेचा दोष नाही. माणूस बघा."

चार्जर माझ्या खणात निघाला. ब्युरोचा समजून मीच उचलला होता. सर शांतपणे म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

असा वर्ग सहा-सात महिने चालला. मग सुषमाला आखातातलं घर आलं.

कदम नावाचा मालाडचा एजंट होता. त्याने सांगितलं, मोठं घर, एकच म्हातारी सांभाळायची, तिची मुलगी शिकलेली. तिथली फिलिपिनो बाई आठ वर्षं आहे, आता लग्नासाठी मायदेशी चालली आहे, म्हणून जागा. कागद शनिवारपर्यंत द्यायचे. सुषमा आधीच निम्मी विमानात बसलेली. मुलीची दहावी जवळ आली होती, आईचे गुडघे गेले होते, आणि हे सगळं एका नोकरीने सुटेल असं तिने मनात मांडून ठेवलं होतं. तरी ती म्हणाली, "व्हिडिओ कॉल इथूनच करू. सर असू देत."

बुधवारी दुपारी कॉल झाला. कदम सुषमाच्या शेजारी बसला. सर कॅमेऱ्यात येणार नाहीत असे कोपऱ्यात. पडद्यावर मालकीण दिसत होती, चाळिशीची, शांत बोलणारी. तिच्या मागे चाकांच्या खुर्चीत म्हातारी, आणि म्हातारीला वाटीतून काही भरवणारी निळ्या एप्रनमधली बाई. मालकीण दोन वाक्यं बोलली की कदम चार वाक्यं सांगत होता. "शुक्रवारी पूर्ण सुट्टी, म्हणते." कोपऱ्यातून सरांनी फक्त खोकला काढला.

तेवढ्यात ती निळ्या एप्रनची बाई म्हातारीची उशी सारखी करत, लहान मुलाला चुचकारावं तशा सुरात, कळलं तर कळलं म्हणून, बोलली, "दिका उमाय, आदिङ. दिका उमाय दितोय."

मला काही कळलं नाही. सुषमाचा चेहरा बदलला. आदिङ म्हणजे धाकटी बहीण आणि उमाय म्हणजे येणं, हे भिंतीवर पहिल्याच ओळीत होतं. येऊ नकोस, बाई. इथे येऊ नकोस.

"काय म्हणते ती?" कदमने विचारलं.

"म्हातारीला गाणं म्हणतेय," सर म्हणाले. आणि मग जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. उठून कॅमेऱ्यासमोर आले, मालकिणीला अरबीत सलाम केला, आणि मागच्या बाईला हात करून हसत, नमस्कार घालावा तसं, दोनच शब्द विचारले. "आपाय, मानाङ?" का गं, ताई?

तीसुद्धा हसली. "नो उमायका, आगाविदाक." तू आलीस तर मी घरी जाणार.

मालकिणीने शुक्रन म्हणून आभार मानले. कॉल संपला. कदम खूश होऊन गेला.

दार लागल्याबरोबर सुषमा म्हणाली, "बस? एवढंच? तिची नोकरी जातेय म्हणून ती मला येऊ नको सांगते. लग्नबिग्न काही नाही. तिला काढतायत."

"असेल," सर म्हणाले.

"मग मी घाबरू कशाला?"

"घाबरू नको. नीट बघ. ती खोटं घाबरवत असेल तर तिला तिथेच राहायचंय. आठ वर्षांनंतर जिला राहायचंय ते घर चांगलं असणार. आणि ती खरं सांगत असेल तर घर वाईट. म्हणजे ती खोटी असली तर तू जा. खरी असली तर जाऊ नको."

मी म्हटलं, "हे काय कोडं घालताय तिला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मधे पडू नका, बाय. ती राहिली तर तुमची पवईची ड्युटी सुटणार नाही."

पवईच्या तळ्याजवळच्या एका घरी सुषमाला मी त्याच महिन्यात लावलं होतं. खरं होतं ते.

सुषमा चिडली. "सर, तुम्ही कुणावर विश्वास ठेवता तरी का?"

"दुसऱ्या वारी विचारतो. शुक्रवारी परत कॉल लाव. सुट्टी असते, घर सैल असतं. आणि मालकिणीशी बोलू नको. म्हातारीशी बोल."

कदमने कुरकुर केली, पण मालकिणीलाच आईने बाईला बघावं असं वाटत होतं. शुक्रवारी दुपारी कॉलच्या आधी वर्ग झाला. त्या दिवशी औषधांचे शब्द घ्यायचे होते. सरांनी घेतले खाण्याचे. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

पडद्यावर पुन्हा तेच घर. सुषमाने म्हातारीला गोड आवाजात विचारलं, "शलोनिच, युम्मा?" कशी आहेस, आई? म्हातारी तिच्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघत राहिली. मालकीण पुढे वाकून तेच पुन्हा बोलली, मोठ्याने. म्हातारीने मान फिरवली. निळ्या एप्रनवालीने चमचा पुढे केला तेव्हा मात्र म्हातारी स्पष्ट बोलली, "साआन. नाबसुगाक."

नको. पोट भरलं.

म्हातारी अरब, आणि बोलली इलोकानो. सुषमाच्या तोंडून आपसूक निघालं, "नाइमास, नानाङ?" छान होतं का, आई?

म्हातारी हसली. दात नसलेलं, तोंडभर. फोन दिसतो तिकडे हात करून ती बोलायला लागली, काही अरबी, काही इलोकानो, मला तर एकच लांब वाक्य वाटलं. सुषमा जमेल तशी उत्तरं देत होती. कदम टाळी वाजवायच्या बेतात होता. "झकास. सासूने पसंत केली बघा."

मी मालकिणीकडे बघत होते. ती हसत नव्हती. ती कॅमेऱ्याच्या बाहेर कुणाला तरी अरबीत हळू काही म्हणाली. मागच्या बाईने चमचा वाटीत ठेवला आणि सरळ आमच्याकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी कदमचा फोन. त्यांना दुसरी बाई मिळाली. फक्त अरबी येणारी.

सुषमा ब्युरोत आली ती सरांच्या समोर जाऊन उभी राहिली. "काय म्हणाली ती मालकीण? तुम्ही ऐकलंत."

"म्हणाली, हीपण तेच बोलते."

"मग?"

"मग काय? आठ वर्षं त्या बाईने भरवलं, झोपवलं. म्हातारीच्या तोंडात तिची भाषा बसली. पोटच्या मुलीला आईचं बोलणं बाईला विचारून घ्यावं लागतं. त्या मुलीला कसं वाटत असेल? म्हणून ती बाई नकोशी झाली. आणि तू जाऊन दुसरी तीच उभी राहिलीस."

"म्हणजे घर चांगलं होतं."

"घर चांगलं होतं."

सुषमाने पर्स खुर्चीवर ठेवली. मग म्हणाली, "म्हातारीशी बोल, असं तुम्ही सांगितलंत."

"कुठल्या भाषेत ते सांगितलं नव्हतं."

"त्याच दिवशी खाण्याचे शब्द शिकवलेत. वाट लावलीत माझी, सर." ती पर्स उचलून गेली. त्यानंतर वर्गाला आली नाही. पवईच्या ड्युटीवर मात्र वेळेवर जात होती. फोनवर माझ्याशी कामापुरतं बोलायची. तिच्या मनात मीसुद्धा त्यात होते, हे मला दिसत होतं.

मला चैन पडेना. मी सरांना विचारलं, "बुधवारीच तुमच्या कानावर आलं होतं ना, म्हातारी काय बोलते ते?"

"आलं असेल. ङता," ते म्हणाले. ङता म्हणजे कोण जाणे, असेलही. हा त्यांचा आवडता शब्द होता आणि तो त्यांनी भिंतीवर कधी लिहिला नाही.

"त्या परक्या बाईची जागा राहावी म्हणून आपल्या सुषमाची नोकरी घालवलीत?"

त्यांनी चष्मा वर केला, म्हणजे ते ऐकत होते, पण मी बोलत नव्हते. मग ते सांगायला लागले. भांडारात त्यांना काम शिकवणारा एक माणूस होता, रुफो. ते त्याला मानोङ म्हणायचे, मोठा भाऊ. कुठली पेटी कुठे, कुठला डॉक्टर काय मागतो, सगळं त्याने शिकवलं. कामाच्या मधल्या वेळात इलोकानो शिकवली. "मला वाटायचं, हा माझ्यावर एवढी मेहनत का घेतो? मी त्याचाच संशय घ्यायचो. ज्या आठवड्यात मला सगळं यायला लागलं त्या आठवड्यात त्याला घरी पाठवला. मला त्याच्या जागेवर आणला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं."

"त्याला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

दुसऱ्या वारी विचारायचं, ही शिकवण त्यांचीच. सोमवारी चहा देताना सहज विचारलं, "तो रुफो पुढे कुठे गेला हो?"

"कोण रुफो?" सर म्हणाले आणि चहाचा वास घेतला.

मला आजही सांगता येणार नाही की तो माणूस होता की माझ्यासाठी तयार केला होता. म्हातारीचं त्यांनी आधीच हेरलं होतं की खाण्याचे शब्द योगायोगाने आले, तेही नाही. निळ्या एप्रनवाली राहिली की गेली, तेही नाही. कदमला विचारलं, तो म्हणाला, "मॅडम, मला काय माहीत? माझी जागा गेली." एवढं खरं की त्यानंतर वर्ग फिका पडला. सर शिकवायचे, पण भिंतीवर नवीन ओळी फारशा आल्या नाहीत.

पावसाळा सरल्यावर सुषमाने दुसऱ्या एजंटकडून दुसरं घर मिळवलं. मला सांगितलं ते ड्युटी सोडायची म्हणून. निघायच्या दिवशी तिचं बीपी मशीन माझ्याकडे राहिलं होतं, ते द्यायला मी दुपारी विमानतळावर गेले. ब्युरोपासून जवळच. आत सोडत नाहीत, म्हणून कठड्यापाशी थांबले. तर तिथे खांबाच्या आड सर उभे. त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी नव्हतं सांगितलं.

सुषमा ट्रॉली ढकलत आली. आईला आणि मुलीला ती घरीच भेटून आली होती. मशीन घेतलं, पिशवीत कोंबलं. मग तिला सर दिसले. ती थांबली. पाया पडेल किंवा तोंड फिरवेल, दोन्हीपैकी काही करेल असं वाटलं. काहीच केलं नाही.

सर कठड्याजवळ आले. "तिथे आधी कोण होती?"

"कुठे?"

"जातेस त्या घरात."

"माहीत नाही. विचारलं नाही मी."

"पोचल्यावर विचार. मालकिणीला नको. स्वयंपाकघरात."

"आणि स्वयंपाकघरात कुणी नसेल तर? मीच असेन तर?"

"तर म्हातारीला विचार. म्हाताऱ्यांना आधीच्या बाईचं नाव आठवतं. नव्या बाईला त्याच नावाने हाका मारतात."

"आणि कळल्यावर काय करू सर? परत येऊ?"

"परत कशाला? राहा. नाव माहीत असलेलं बरं."

मागून रांग सरकत होती. सुषमाने ट्रॉली वळवली. दोन पावलं जाऊन मान न वळवता तिने विचारलं, "तुम्ही माझ्यासाठी आलात की बघायला आलात?"

"बघायला," सर म्हणाले.

ती पाठमोरी होती, हसली की नाही ते मला दिसलं नाही. ती आत गेली.

मी सरांना म्हटलं, "चला, मी रिक्षाने जातेय, मरोळला सोडते." ते नको म्हणाले. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून पाहिलं. एक रिकामी रिक्षा त्यांच्यासमोर येऊन थांबली, त्यांनी जाऊ दिली. दुसरी आली, तिच्या चालकाकडे वाकून बघितलं, तीही जाऊ दिली. तिसरीत बसले. बसल्यावर मागच्या काचेतून वळून बघितलं, मी दिसले, आणि मी तिथे अजून का उभी आहे असा विचार करत असावेत तसा चेहरा करून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पवईच्या घरी सुषमाच्या जागी नवी बाई पोचवायची होती. एरवी मी पत्ता देते आणि फोन करते. त्या दिवशी स्वतः गेले. लिफ्टमध्ये तिला सांगितलं, इथे आधी सुषमा होती, ती स्वतःहून गेली, आजोबांना रात्री दूध लागतं हे तिला माहीत होतं, हा तिचा नंबर, अडलं तर तिलाच विचार. नवी बाई माझ्याकडे संशयाने बघत राहिली. मी बेल दाबली.